दहा गुंठ्यांचं गणित

(एपिसोडची ही लिखित प्रत. बोलताना अडखळलो तेवढं काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज आवाज थोडा बसलेला वाटेल. शनिवार-रविवार शेतावर होतो, सुका पालापाचोळा गोण्यांत भरत होतो, त्या धुळीचा हा प्रसाद.

सुरुवात घरातूनच करतो. दिवाळीनंतरच्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर मोठ्या काकांचा मेसेज आला. टिटवाळ्याच्या पुढे, स्टेशनपासून रिक्षाने अर्ध्या तासावर, आमची तीस गुंठे भातजमीन आहे. आजीच्या नावावर. तीन भाऊ, म्हणजे बाबांच्या वाट्याला दहा गुंठे. गिऱ्हाईक आलंय, त्याला तिन्ही वाटे एकदम हवेत, आणि होळीच्या आत होकार हवाय. दोन्ही काकांचा होकार आहे. राहिले बाबा.

बाबा रात्री जेवताना मला म्हणाले, "दहा गुंठ्यांत होतं काय? तू इंजिनिअर ना, सांग." हा प्रश्न नव्हताच. 'काही होत नाही' हेच त्यांना म्हणायचं होतं. पण मी तो प्रश्न म्हणून घेतला, आणि शोधायला बसलो तर कळलं की अगदी हाच प्रश्न, अगदी याच आकड्यासकट, महाराष्ट्रात एका माणसाने आयुष्यभर धरून ठेवला होता. आणि तो माणूस गणिताचा प्राध्यापक होता.

श्रीपाद अच्युत दाभोळकर. कोल्हापूरचे. आडनाव ओळखीचं वाटलं ना? डॉ. नरेंद्र दाभोळकरांचे थोरले भाऊ. यांचं म्हणणं असं की पाच माणसांचं कुटुंब दहा गुंठ्यांवर, म्हणजे पाव एकरावर, नीट जगू शकतं. भीक मागत नाही, चांगलं जगू शकतं. बाहेरून रासायनिक खत न आणता.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे युट्यूबवरच्या 'घरबसल्या लाखो कमवा' सारखं वाटलं. खरं सांगतो. म्हणून ठरवलं की हा दावा आला कुठून ते आधी बघायचं आणि मग हिशोब तपासायचा. आजचा एपिसोड त्याचाच आहे.

तर मागे जाऊ. आणि मागे जायला मला पुस्तक लागलं नाही, आजी पुरली.

आजी गावात धाकट्या काकांकडे असते. तिला सांगितलं की मी शेतात पालापाचोळा कुजवून माती करणार आहे, तर ती हसली. "कुजवतो कशाला? आम्ही भाजायचो." ती राबाबद्दल बोलत होती. कल्याण, मुरबाड, शहापूर या बाजूला ज्यांचं गाव आहे त्यांना माहीत असेल. भाताची रोपं जिथे तयार करायची तो छोटा तुकडा निवडायचा. त्यावर शेण पसरायचं, वर ऐनाचा टहाळ, म्हणजे पानांसकट तोडलेल्या फांद्या, त्यावर गवत, पातेरा, वरून थोडी माती. आणि पावसाच्या आधी, उन्हाळ्यात, ते सगळं हळूहळू जाळायचं. तण मरतं, राख मिळते, आणि त्या तुकड्यात रोप तरारून येतं. मग तेच रोप उपटून सगळ्या शेतात लावणी.

विचार करा, सिस्टीम काय आहे. लावणीच्या शेताच्या मानाने अगदी लहान तुकडा, पण त्याच्यावर आजूबाजूच्या जंगलातलं सगळं सत्त्व आणून ओतायचं. थोड्या जागेत जास्त जीव लावणं आपल्याकडे कोणी कॅलिफोर्नियाहून आणलेलं नाही.

आणि यात राजकारणही झालंय. १८७८ चा वन कायदा आल्यावर इंग्रजांच्या जंगलखात्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत टहाळ तोडण्यावर बंधनं आणली. शेतकरी चिडले. टहाळ नाही तर राब नाही, राब नाही तर रोप नाही. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं, १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला, आणि त्यात राब हा मोठा विषय होता. म्हणजे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी आपल्या तालुक्यांत भांडण जमिनीवरून होतं तसंच पाल्यावरूनही होतं. हे लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

आता राबात एक अडचण आहे. जाळलं की राख उरते, पण नत्र आणि कर्ब धुरातून वर जातो. तोच पाला न जाळता, पद्धतशीर कुजवला तर? याचं आधुनिक जगातलं सगळ्यात गाजलेलं उत्तर जिथे तयार झालं ते ठिकाण लंडन नाही. इंदूर. होळकरांचं इंदूर.

अल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञ १९०५ मध्ये बिहारच्या पुसा संशोधन केंद्रात आला. इथल्या शेतकऱ्यांना शिकवायला आला आणि, त्याच्याच कबुलीप्रमाणे, त्यांच्याकडूनच शिकत बसला. १९२४ मध्ये त्याने इंदूरला इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी केली. तिथे सात वर्षांत कंपोस्टची जी पद्धत बसवली तिला जगभर 'इंदूर पद्धत' म्हणतात. खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद, फक्त २ फूट खोल. शेतातला काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर. ओल ठेवायची, हवा खेळती ठेवायची, तीनदा उलथापालथ करायची, साधारण तीन महिन्यांत खत तयार. मला आवडलेली गोष्ट म्हणजे कापसाच्या पऱ्हाट्या. त्या इतक्या टणक की कुजेनात. मग काय केलं? रस्त्यावर पसरल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांनी चुरून दिल्या. फुकटातलं श्रेडर!

१९३१ मध्ये या कामाचं पुस्तक ऑक्सफर्डने छापलं, 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अ‍ॅग्रिकल्चर'. त्याच्या मुखपृष्ठावर दोन नावं आहेत. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. हे वाड इंदूरच्या संस्थेत रसायनशास्त्राचे मुख्य सहायक होते. कुजण्याचं रसायन, म्हणजे ढिगात नेमकं काय घडतं, हा पद्धतीचा कणाच. पुढे १९४० मध्ये हॉवर्डचं 'अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट' आलं, ते वाचून अमेरिकेत रोडेलने १९४२ मध्ये ऑरगॅनिक शेतीचं मासिक काढलं, आणि 'ऑरगॅनिक' हा शब्द सुपरमार्केटपर्यंत पोचला. हॉवर्डचं नाव सगळीकडे. वाड? आपल्यातल्या किती जणांनी ऐकलंय? आयटीत काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. बिल्ड कोणी केलं आणि डेमो कोणी दिला, ही माणसं नेहमी एक नसतात.

पण इंदूरची संस्था होती तीनशे एकरांची. बैल, गोठे, मजूर. तिथून दहा गुंठ्यांपर्यंत कोण आलं?

इथे परत दाभोळकर. ते कोल्हापूर जिल्ह्यात गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवायचे. १९६० च्या दशकात त्यांनी 'प्रयोग परिवार' सुरू केला. ही संस्था म्हणावी अशी संस्था नव्हती. एखाद्या शेतकऱ्याने आपल्या शेतात काहीतरी करून बघायचं, मोजायचं, लिहून ठेवायचं आणि दुसऱ्या शेतकऱ्याला पत्राने कळवायचं. त्याने स्वतःच्या शेतात ते तपासायचं आणि उलट कळवायचं. बस. आज आपण ज्याला ओपन सोर्स म्हणतो ते पोस्टाने चालायचं.

याचा सगळ्यात मोठा परिणाम दिसला द्राक्षांत. सांगली-तासगावच्या कोरड्या पट्ट्यात द्राक्ष लावणारे शेतकरी एकत्र बसून वेलीचा अभ्यास करू लागले. एक घड पोसायला किती पानं लागतात? छाटणी कधी केली की डोळा फुटतो? हे प्रश्न शेतकऱ्यांनी स्वतः मोजून सोडवले. थॉमसन सीडलेस या परदेशी वाणातून तासगावच्या वसंतराव आर्वे यांनी निवड केलेली 'तास-ए-गणेश' पुढे महाराष्ट्रभर पसरली. बाजारात बिनबियांची हिरवी द्राक्षं घेताना लक्षात ठेवा, त्यामागे आठवी-दहावी शिकलेल्या माणसांनी मोजलेली पानं आहेत.

आणि दाभोळकरांचं गणित नेमकं पानापासून सुरू होतं. त्यांचं म्हणणं सोपं आहे. शेत म्हणजे जमीन नाही, शेत म्हणजे ऊन पकडणारं पान. जमीन किती हा प्रश्न दुसरा. वर्षभरात किती चौरस फूट पान उन्हात होतं, हा पहिला. त्यांचं 'प्लेंटी फॉर ऑल' १९९८ मध्ये आलं, त्यात हे सविस्तर आहे.

आता मी एक्सेल उघडलं. हा हिशोब माझा आहे, चूक असेल तर माझी.

एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट, साधारण १,०१२ चौरस मीटर. आपल्याकडे एका चौरस मीटरवर वर्षाच्या सरासरीने दिवसाला ५ युनिटच्या आसपास ऊन पडतं. युनिट म्हणजे तेच, वीजबिलातलं. चांगलं पीक त्यातलं साधारण एक टक्का साठवतं. तेवढ्या ऊर्जेत १० ग्रॅमच्या आसपास सुका पाला-दाणा तयार होतो. म्हणजे दहा गुंठ्यांवर दिवसाला १० किलो. त्यातलं निम्मं मुळं, खोडं, पाला यात गेलं असं धरलं, तरी ५ किलो खाण्याजोगं. पाच माणसांना दिवसाला ११,००० कॅलरी धरल्या तर सुकं धान्य लागतं तीन किलोच्या थोडं वर.

बसतंय की!

मी खुर्चीत दोन मिनिटं गप्प बसलो. मग कॅलिफोर्नियाशी ताडून पाहिलं. तिथे जॉन जेव्हन्स नावाचा माणूस १९७० च्या दशकापासून छोट्या वाफ्यांवर हेच करतोय. दोन फूट खोल खणायचं, दाट लावायचं, सगळं कंपोस्टवर. 'हाऊ टू ग्रो मोअर व्हेजिटेबल्स' हे त्याचं पुस्तक १९७४ चं. त्याचा आकडा आहे माणशी ४,००० चौरस फूट, आणि त्यात खतासाठी लागणारी पिकंही धरली आहेत. दाभोळकरांच्या दहा गुंठ्यांत माणशी येतात २,१७८. जवळजवळ निम्मे. आपल्याकडे बर्फ नाही, बारा महिने ऊन आहे, हे खरं. तरीही माझं मत असं की दाभोळकरांचा आकडा हा वरचा आकडा आहे. सगळं जमून आलं तरचा.

आणि सगळं म्हणजे काय, तिथेच खरी गोम आहे. माझ्या एक्सेलमध्ये एक अट लपलेली होती. ३६५ दिवस जमिनीवर हिरवं पान. आमच्या शेतात भात उभा असतो चार महिने. उरलेले आठ महिने जमीन ऑफलाइन.

का? तर पाणी. उन्हाळ्यात हिरव्या पिकातून दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी उडतं. दहा गुंठ्यांवर ते होतं पाच हजार लिटर. दिवसाआड दहा हजार लिटरचा एक टँकर! आठ महिन्यांचे बारा लाख लिटर. आमच्याकडे विहीर आहे, पण मार्चमध्ये तळ दिसतो. मग मी दुसरा आकडा काढला. कल्याण भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच दहा गुंठ्यांवर पडणारं पाणी किती? पंचवीस लाख लिटर. लागतं त्याच्या दुप्पट, आमच्याच डोक्यावर पडतं, आणि नाल्यातून उल्हास नदीला जातं.

म्हणून दाभोळकरांच्या पद्धतीत माती आधी बनवायची असते. पाणी धरून ठेवणारी स्पंजासारखी माती. पुढे मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातल्या बजवाड्याला दीपक सचदे यांनी याच मार्गावर 'अमृत माती' करून दाखवली. शेण, गोमूत्र, गूळ यांचं पाणी, त्यात भिजवलेला सुका पाला, मातीचे पातळ थर, दहा फूट लांब, तीन फूट रुंद, एक फूट उंच ढीग. नंतर त्यावर तऱ्हेतऱ्हेचं बी पेरायचं, तीन-तीन आठवड्यांनी कापून तिथेच मिसळायचं. चार-साडेचार महिने लागतात.

हे शहरातही झालंय. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ मध्ये कँटीनच्या ओल्या कचऱ्यावर बाग सुरू केली. वांद्र्याला डॉ. आर. टी. दोशी उसाच्या चिपाडांवर भाज्या पिकवायला शिकवायचे. ते वाचून मला आमच्या खालच्या रसवाल्याची आठवण झाली. तो रोज दोन गोण्या चिपाडं फेकतो. फेकतो म्हणजे कुठे, तर कल्याणकरांना सांगायला नको, इतकी वर्षं सगळं आधारवाडीला जायचं. मी शाळेत असताना तो कचऱ्याचा डोंगर पेटला की खिडक्या लावून अभ्यास करायचो. २०२१ मध्ये तिथे कचरा टाकणं थांबलं. पण हिशोब बघा. एका बाजूला पाल्यासाठी सरकारशी भांडणारा शेतकरी, आणि शंभर-सव्वाशे वर्षांनी त्याच तालुक्यात कुजणारा माल इतका की तो पेटतोय. आमची दहा गुंठे या दोन्हींच्या मधे, तेवीस-चोवीस किलोमीटरवर.

तर डिसेंबरमध्ये मी पहिला ढीग लावला. आणि तो साफ फसला. चिपाडं आणि सोसायटीतला पाला कमी पडला, म्हणून मंडईतून सडकी कोबीची पानं आणि टोमॅटो आणून भर घातली. ओलं जास्त, सुकं कमी, हवा नाही. पाचव्या दिवशी असा वास सुटला की शेजारच्या शेतातला माणूस धाकट्या काकांना विचारायला आला, जनावर मेलंय का? मोठ्या काकांनी ग्रुपवर नाक धरलेला इमोजी टाकला. मला राग आला, पण इमोजी बरोबर होता.

आजी काठी टेकत आली, ढिगाकडे बघून म्हणाली, "भिजलेलं कधी भाजतंय का, नि कुजतंय तरी का असं? पेंढा घाल." दीडशे किलो पेंढा आणला, सगळं उपसून परत लावलं. बाबा होते बरोबर. बाबांचा गुडघा दुखतो हे मला माहीत होतं, पण किती दुखतो ते त्या दिवशी कळलं. एक्सेलमध्ये पाण्याचा कॉलम होता, गुडघ्याचा नव्हता. दहा गुंठे बारा महिने हिरवे ठेवायचे तर रोज दोन माणसं लागणार. मी ऐरोलीला नोकरी करतो. आठवड्यातून दोन दिवस घरून काम. दाभोळकरांचं कुटुंब पाच जणांचं होतं आणि ते शेतावर राहणारं होतं, हे वाचताना मी भरकन पुढे गेलो होतो.

कायद्याचीही एक गंमत. १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान जमीन म्हणजे 'तुकडा', तो पाडायला बंदी. २०२३ मध्ये सरकारने ठाण्यासह बहुतेक जिल्ह्यांत हे किमान क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे केलं. म्हणजे आमचा वाटा कोरडा राहिला तर कायद्याने तो तुकडा, आणि पाण्याखाली आला तर शेत. कोल्हापूरच्या गणिताच्या सरांचा आकडा आणि सरकारचा आकडा एकच निघाला, हा योगायोग मला फार आवडला. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "आवडून काय करायचंय, वकिलाला विचार." वकिलाची वेळ पुढच्या आठवड्यातली आहे.

मागच्या रविवारी ढीग परत उघडला. आत हात घातला तर कोमट. चिपाडं काळी पडलेली, पेंढा बोटांनी तुटतोय, आणि वास पहिल्या पावसाचा. आजीने मूठभर उचलून नाकाला लावलं, काही बोलली नाही, पदरात बांधून घरी घेऊन गेली. संध्याकाळी काकूंनी फोटो पाठवला. अंगणातल्या फुटक्या माठात ती माती आणि त्यात आजीने खोचलेली मिरचीची चार रोपं.

त्या रात्री बाबांनी मोठ्या काकांना फोन केला. मी शेजारी होतो. म्हणाले, "दादा, होळीपर्यंत नाही जमणार मला. एक पावसाळा बघतो. शेततळ्याचं विचारतोय हा." पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग काका म्हणाले की गिऱ्हाईक पावसाळ्यापर्यंत थांबणार नाही, आणि धाकट्याच्या मुलीचं लग्न आहे हे तुला ठाऊक आहे. बाबा म्हणाले, ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर काकांचा मेसेज होता. 'ओके.' एवढाच. आमच्या काकांना ओळखत असाल तर सांगतो, हा माणूस 'गुड मॉर्निंग'लासुद्धा सहा फुलं टाकतो.